आज मासा उठना का?

भाऊ, तो बोर्ड अजून तिथेच आहे.

डिंडोलीकडे वळताना डाव्या हाताला, मोबाइलच्या दुकानाच्या वर. पांढऱ्यावर लाल अक्षरं: लकवा, कमर, नस, घुटना, लेसर से इलाज, बिना चीरफाड. एका बाजूला वाकलेला माणूस, दुसऱ्या बाजूला तोच माणूस हात वर करून सरळ उभा. बस तिथून जाते तेव्हा मी मान दुसरीकडे फिरवते. तरी कळतं, आता आला, आता गेला. तू म्हणायचास, बेबीला काळजी करायला कारण लागत नाही, नुसता वेळ मिळाला तरी पुरतो. आता कारणही आहे आणि वेळही आहे.

तुझे दिवस घातले, गंधमुक्ती झाली. गावाकडची माणसं आली, तुझी राख गेली त्या तापीवर हात जोडून, जेवून परत गेली. काका म्हणाले, पाणी आपल्याच गावावरून येतं, म्हणजे पोरगा घरच्याच पाण्यात गेला. सगळ्यांना ते बरं वाटलं. मला नाही वाटलं. पाणी गावावरून येतं, पण गावाला परत जात नाही.

वहिनी तुझ्या खाटेवर कुणाला बसू देत नाही. खाटेखालच्या विटाही तशाच आहेत. कामावरून येताना गल्लीतल्या नळापाशी माझे पाय आपोआप हळू होतात. तिथूनच तुझी हाक ऐकू यायची. मी चप्पलसुद्धा काढलेली नसायची आणि आतून आवाज यायचा, "का व बेबी, आज मासा उठना का?" नवागामच्या आपल्या गल्लीत त्यावरून किती हसायचे लोक. दुसऱ्या घरात विचारतात पाणी आलं का, गॅस आला का. या घरात विचारतात मासा उठला का. सुरतेत इतकी वर्षं काढून तुझ्या तोंडात हिंदी बसली, गुजराती बसली, पण मासा मात्र तू आपल्या अहिराणीतच उठवायचास.

मी कॉलेजात माशांच्या कामाला लागले ते तू कारखान्यात पडलास त्याच्या आधीच. लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांना वाटतं भावासाठी गेली असेल. खरं तर मला तिथे घेऊन गेलास तूच. साड्यांना घड्या घालून माझे खांदे दुखायचे आणि तू कुणाकडून तरी ऐकलंस की कॉलेजात मासे सांभाळायला बाई पाहिजे. तिथल्या माणसाने गुजरातीत विचारलं, "माछली साचवता आवडशे?", मासे सांभाळता येतील का. मी तोंड उघडायच्या आत तू सांगून मोकळा, की आमचं गाव तापीच्या काठावर, ही चालायच्या आधी पोहायला शिकली. आपल्या घरी तर मासा शिजतही नव्हता. मी मासे पाहिलेले ते बाजारातल्या टोपलीत, तेही नाकाला पदर लावून. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडले तर म्हणालास, "खोटं कुठे बोललो? गाव तापीकाठीच आहे ना."

त्या एका वाक्यावर माझं घर उभं राहिलं, भाऊ. आमचे हे पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये, त्यांचं काम कधी आहे, कधी नाही. सातवीतून शाळा सुटलेल्या बाईला कोण खुर्ची देतं? तिथे मला खुर्ची आहे. तुझ्या तोंडावर कधी बोलले नाही, आता बोलते. मला सुरतेत उभं केलंस ते तू.

मासे बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत निळ्या लांब रेघा. पहिल्या दिवशी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, म्हणजे साडीचा काठच पोहतोय म्हण की. सकाळी दिवे लागले की मादी अंडी घालते. काचेसारखी अंडी, आतलं सगळं दिसतं. त्यातून पिल्लू बाहेर येतं तेही काचेचंच. त्याचं हृदय उडताना दिसतं. मी आधी आधी ते बघून घाबरायचे, वाटायचं माझ्या नजरेनेच थांबेल.

मग आमच्या मॅडम आल्या. नागपूरकडच्या, माझ्यापेक्षा वयाने लहान. मला मावशी म्हणतात. त्यांचं काम पाठीच्या कण्यातल्या दोरीचं. आपल्या कण्याच्या आत जी मऊ दोरी असते, जिच्यातून पायांना निरोप जातो, ती तुटली तर माणूस कमरेखाली संपतो. माशाची तुटली तर जुळते. का जुळते, ते त्यांना शोधायचं आहे. मला हे त्यांनी सांगितलं त्या सुमारास तू धडधाकट होतास. घरी येऊन मी तुला गंमत म्हणून सांगितलं होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो, की मी तुझ्यासमोर ताट ठेवताना हसत हसत पाठीच्या दोरीबद्दल बोलत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुमच्या कारखान्यात तू पडलास. सामान वर-खाली न्यायची लिफ्ट, खांद्यावर कापडाचे ताके, तू मागे मागे सरकत आत पाऊल टाकलंस. दार उघडं होतं, लिफ्ट खालीच राहिली होती. एकच मजला. तुझ्या अंगावर खरचटल्याचीही खूण नव्हती. डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं, इथे. मी त्या जागेकडे बघत राहिले. मॅडमच्या पडद्यावर मी तीच जागा माशाची पाहिली होती.

तुला घरी आणलं आणि मॅडमनी मला बसवून सगळं शिकवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. गरम पाण्याची पिशवी लावायची नाही, चहाचा कपही मांडीवर ठेवू द्यायचा नाही, कारण भाजलं तरी त्याला कळणार नाही. मी हे वहिनीला सांगितलं, तुला सांगितलं. तू म्हणालास, बघ, आता बायकोने चहा सांडला तरी मी ओरडणार नाही, हिचं भलंच झालं. वहिनीसुद्धा हसली होती.

आपलं भांडण त्या व्हिडिओवरून सुरू झालं.

मॅडमकडे एक छोटा व्हिडिओ होता. मी मागून घेऊन तुझ्या मोबाइलवर टाकला, म्हटलं भाऊ दिवसभर छताकडे बघतो, तेवढंच त्याला. त्यात काय आहे? एक पिल्लू आडवं पडलेलं, अजिबात हलत नाही. त्याच्या पाठीत हिरवी रेघ चमकते, ती त्याची दोरी. मग लेसरचा एक बारीक ठिपका. मग दुसरं चित्र येतं आणि तेच पिल्लू सरळ पोहत जातं. बस. तू तो पुन्हा पुन्हा पाहिलास. मग मला म्हणालास, "म्हणजे लेसरने उठला."

मी म्हटलं, नाही रे, उलटं आहे. मासा आधी चांगला होता. त्याला औषधाच्या पाण्यात झोपवलं होतं आणि हलू नये म्हणून जेलीत बसवलं होतं. लेसरने त्याची दोरी तोडली. मग त्याला पुन्हा पाण्यात सोडला, तो पुढचे पंख फडफडवत मागचं अंग ओढत राहिला, आणि पुढच्या दिवसांत त्याचं त्यानेच जुळवलं. ते मधलं व्हिडिओत नाही.

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसा लहानपणी मी गणित चुकवल्यावर बघायचास. "तोडायला एवढं महागाचं मशीन कशाला आणतील? तोडायला एक लिफ्ट पुरते."

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, मावशी, सुरीने कापलं तर एकाचं जास्त तुटतं, एकाचं कमी, आजूबाजूचंही फाटतं. लेसरने वरची कातडी न फाडता आत हवं तेवढंच तोडता येतं, प्रत्येक माशाचं त्याच जागी, तेवढंच. सारखं तुटलं तरच कळतं ना, कशामुळे जुळलं. मी ते पाठ करत घरी आले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, म्हणजे त्यांचं मापात तुटलं आणि माझं बेमाप. मला वाटलं पटलं तुला.

नव्हतं पटलं. कसं पटणार? तुझं सगळं आयुष्य लेसरच्या मशीनवर गेलं. साड्यांचे काठ कापायचास तू. घरी यायचास तेव्हा शर्टाला जळक्या कापडाचा वास असायचा. मी सुरतेत नवीन होते तेव्हा मला कापडाचे दोन तुकडे दाखवले होतेस. एक कात्रीने कापलेला, त्याचे धागे सुटत होते. एक लेसरने कापलेला, त्याची कड गुळगुळीत. "कात्री धागा सोडते. लेसर कापतो तिथेच तोंड बंद करतो." कापड वितळून कडेला चिकटतं, म्हणून. हे तू हजार लोकांना शिकवलं असशील. मग तुला जर कुणी सांगितलं की लेसर फक्त तोडतो, तर ते तुला अर्धंच वाटणार. तू म्हणालासही, "बेबी, तू मासे बघतेस. मशीन बघत नाहीस. दारावर लाल बल्ब लागला की तुला लेसरच्या खोलीबाहेर काढतात ना? मग आत जोडतात की तोडतात, तुला काय माहीत?"

सातवी शिकलेल्या बहिणीचं ऐकायचं की स्वतःच्या डोळ्यांचं, यात तू डोळे निवडलेस. मी तुला दोष देत नाही. मला कधीकधी वाटतं, तुझ्या जागी असते तर मीही तो व्हिडिओ तसाच वाचला असता.

मॅडम माशाच्या शेपटीला एक बारीक केस लावून बघतात. लागलं की शेपटी झटकते, नाही लागलं तर नाही. हे तुला सांगितलं आणि तू हट्ट धरलास, माझ्या पायाला लाव. मी केरसुणीचा एक हीर मोडून आणला. तू डोळे मिटलेस. मी तळपायाला लावला, तू गप्प. टाचेला लावला, गप्प. मग मी जरा थांबले, हीर दुसऱ्या हातात घेतला आणि तू एकदम म्हणालास, "लागनं."

मी म्हटलं, भाऊ, अजून लावला नाही मी.

तू डोळे उघडलेस, माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलंस आणि म्हणालास, मग तू यायची चाहूल लागली असेल. आपण दोघंही हसलो. वहिनी नाही हसली. ती दारात उभी होती आणि तिच्या तोंडावर असं काही होतं की मी पुन्हा कधी तो हीर हातात घेतला नाही.

आमच्याकडे जे मासे बरे होणार असतात ते आधी वाकडे पोहतात. काचेला धडकतात, गोल गोल फिरतात, बघवत नाही. मॅडम म्हणतात, हे चांगलं लक्षण. जे होणार नसतात ते शांत असतात. तळाशी पडून राहतात, स्वच्छ, गप्प. सकाळी दिवे लावल्यावर मी आधी तळाकडे बघते.

मग एक आठवडा असा आला की तूही शांत झालास, भाऊ. मी आले तरी आतून हाक आली नाही. आत गेले तर तुम्ही दोघं एकमेकांकडे बघून गप्प झालात. माझ्या मनात आलं, पैशाचं काही असेल, माहेरचं काही असेल. दुसऱ्या दिवशी वहिनीने मांडे केले होते, खापरावरचे, पुरणाचे. सण नाही, वार नाही. मी विचारलं काय विशेष, तर तू म्हणालास, "आत काहीतरी चालू झालंय." एवढंच. आणि मला जवळ बसवून स्वतःच्या हाताने घास दिलास. मी तो खाल्ला.

नंतर तुझी कूस बदलायला वहिनीला हातभार लावला आणि पाठीवर, कमरेच्या जरा खाली, तो गोल दिसला. पुरीएवढा. लाल, ताणलेला, चकचकीत. मी बोट ठेवलं तर आजूबाजूपेक्षा गरम होता.

तेव्हा वहिनीने सांगितलं. मी कामावर असताना ती तुला रिक्षाने डिंडोलीला, त्या बोर्डवाल्याकडे, नेत होती. किती वेळा, ते ती आजही नीट सांगत नाही. पालथं झोपवायचे, वर एक दिवा धरायचे, त्यातून लाल उजेड. तो माणूस विचारायचा, "गरम लगता है?" तू म्हणायचास, नहीं. तो दिवा आणखी खाली आणायचा. "अब?" नहीं. आणखी खाली. आणि तुला वाटत होतं तू खरं बोलतोयस. होतास खरंच बोलत.

मी तिथल्या तिथे म्हटलं, दवाखान्यात चल. आणि तू ओरडलास. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलास. "तुले मना उठनं देखवत नही का?"

भाऊ, मी गावाहून आले तेव्हा मला बसचा नंबर वाचता यायचा नाही, गुजराती आकडे कळायचे नाहीत. तू हातावर पेनाने लिहून द्यायचास. आणि तूच मला हे विचारावंस? मॅडमना फोन लावला, त्यांनी तुझ्याशी बोलायचं म्हटलं, तू फोन घेतला नाहीस. माझे हे समजवायला आले, त्यांना तू म्हणालास की कॉलेजवाल्यांनी बेबीला सांगून ठेवलंय, गरिबाला कळू द्यायचं नाही. गोलावर आधी पाणी भरलं. मग तो फुटला. मग त्याच्या भोवती कड आली. काळी, कडक, गुळगुळीत. मी ती कड ओळखली. तू मला दाखवलेल्या कापडाच्या तुकड्याला होती तशीच.

ताप चढला तेव्हा तू हो म्हणालास. सरकारी दवाखान्यात त्यांनी ते कापून काढलं आणि आत किती खोल गेलंय ते बघून डॉक्टरीणबाई वहिनीवर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, संवेदना नसलेल्या कातडीला शेक कुणी दिला? वहिनी जमिनीकडे बघत राहिली. मी म्हटलं, बाहेर दिला.

तू कधी शुद्धीत असायचास, कधी नाही. एक दिवस मी कामावरून सरळ तिथे आले. त्या दिवशी खरंच एक मासा सरळ पोहला होता. तू मला विचारलंस नाहीस. मीच म्हटलं, भाऊ, आज मासा उठना. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग म्हणालास, "मॅडमले विचार, माशाले गरम लागस का."

मी म्हटलं, विचारते.

मी विचारलं, भाऊ. तुला सांगायला आले तेव्हा तुझ्या तोंडाला नळी होती. मॅडम म्हणाल्या, आम्ही त्याला आधी झोपवतो मावशी, त्याला कळू नये म्हणूनच झोपवतो. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून बसल्या आणि तुझ्याबद्दल विचारत राहिल्या. त्या दिवशी लाल बल्ब लागला नाही.

मला एकच जाणून घ्यायचं आहे आणि ते आता कुणी सांगणार नाही. तुला त्या वेळी कळलं होतं का? तो प्रश्न तू माशासाठी विचारलास की स्वतःसाठी? तुला पटलं होतं का, की मी खरं सांगत होते? मला जिंकायचं नाही. मला फक्त वाटतं, पटलं असेल तर तू ते मनात घेऊन एकटा पडून होतास, आणि नसेल पटलं तर तू मला खोटी समजून गेलास. दोन्हीपैकी कुठलं कमी वाईट, ते मी ठरवू शकत नाही. भांडी घासताना एक वाटतं, झोपताना दुसरं.

हे इथेच संपवणार होते. पण काल जे झालं ते तुला सांगायला पाहिजे.

वरच्या खोलीतली शोभा, जालन्याकडची, तिच्या सासूची उजवी बाजू लकव्याने गेली आहे, त्या बाजूला काही लागलेलंही कळत नाही, तुला माहीत आहे. काल सुटीचा दिवस होता, मी नळावर होते. शोभा म्हणाली, ताई, आम्ही आज सासूबाईंना लेसरला नेतोय. तुमच्या कॉलेजात पण लेसरच लावतात ना. भाऊंनी मला व्हिडिओ पाठवला होता, मासा कसा टुणकन उठतो.

माझ्या हातातली बादली खाली टेकली. मी तिला सगळं सांगितलं. तुझी पाठ सांगितली. ती रडली सुद्धा. डोळे पुसून म्हणाली, भाऊंचं नशीब खोटं, ताई. पण मासा उठतो ते तर खरं ना? ते मी डोळ्याने बघितलं.

तुझंच म्हणणं. मला तिच्या तोंडात तुझाच आवाज ऐकू आला. आणि मला कळलं की मी बोलून काही होणार नाही. तुझ्याशी तरी बोलून कुठे झालं होतं?

रिक्षा आली तेव्हा मी बादली तशीच ठेवून आत बसले. शोभाने विचारलंही नाही, मला वाटतं तिला बरंच वाटलं, कॉलेजातली बाई सोबत आहे म्हणून. मी दोन्ही हातांनी रिक्षाची दांडी धरली होती. तू असतास तर म्हणाला असतास, रिक्षा हलतेय की बेबी?

डिंडोलीचा तो जिना अरुंद आहे. तुला त्यावरून कसं चढवलं असेल त्यांनी? वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतीवर टीव्ही लावलेला आणि त्यावर, भाऊ, आमचा मासा. आडवा पडलेला, हिरवी रेघ, ठिपका, आणि सरळ पोहत जातो. पुन्हा आडवा. पुन्हा पोहतो. खाली लाल अक्षरात त्यांचा बोर्ड चिकटवलेला. तुझ्या मोबाइलवरून निघून तो गल्लीभर फिरला आणि इथे येऊन पोहत बसला. बाकड्यावर पाच-सहा जण होते, सगळे मान वर करून बघत होते. कमरेला पट्टा बांधलेला एक माणूस तर हसत होता, अगदी तुझ्यासारखा.

आतल्या खोलीत शोभाच्या सासूला, त्या आजींना, पालथं झोपवलं. पाठीवरचं लुगडं सरकवलं. तो माणूस वाईट दिसत नव्हता. स्वच्छ कपडे, हळू बोलणारा, आजींना माजी म्हणाला. दिवा वर आडव्या दांड्यावर होता. त्याने तो सुरू केला आणि सगळी खोली लाल झाली, आमच्या दारावरच्या बल्बसारखी. फक्त इथे मला कुणी बाहेर काढलं नाही.

मी पुढे झाले आणि माझा तळहात आजींच्या पाठीवर उजवीकडे ठेवला, जिथे उजेड पडत होता तिथेच.

त्याला वाटलं मी धीर देते आहे. त्याने दिवा खाली आणला. "माजी, गरम लगता है?"

आजी उशीत तोंड घालून म्हणाल्या, नाही बाबा.

त्याने आणखी खाली आणला. माझ्या हाताला आधी ऊब लागली, मग चटका बसायला लागला. मी हात हलवला नाही. मला वाटलं, इथवर तू नहीं म्हणालास. मग आणखी खाली. इथेही तू नहीं म्हणालास. "अब लगता है?"

आजी काही म्हणायच्या आत मी म्हटलं, "हां. लगता है."

तो माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, बहनजी, आपको नहीं पूछा, माजी को पूछा. मी म्हटलं, इनको नहीं मालूम पडेगा, मेरे को पूछो. मेरे भाई को भी यहीं पूछा था. माझी हिंदी तुला माहीत आहे, पण त्याला कळली. त्याला तू आठवलास. मला दिसलं ते त्याच्या तोंडावर. त्याचा हात दांड्यावरच थांबला, ना वर, ना खाली.

मी दुसऱ्या हाताने दिवा बाजूला सारला आणि तळहात उचलून शोभासमोर धरला. मधोमध लाल गोल उमटला होता. ती हाताकडे बघत राहिली, मग सासूच्या पाठीकडे बघितलं. आजींच्या पाठीवर माझ्या हाताएवढी जागा पांढरी होती आणि भोवतीची सगळी कातडी लाल. आजी विचारत होत्या, काय झालं गं, झालं का?

शोभाने वाकून लुगडं खाली ओढलं आणि त्यांची पाठ झाकली.